पश्चिमेकडचा अज्ञात पुरुष

आपल्या मुलीच्या बोलण्यात आपला वाटा फक्त चार टक्के आहे, हे केतकी मगदूमला विमा कंपनीच्या पत्रातून कळलं.

पत्र फोनवर आलं ते सकाळची शाळा सुटल्यावर, शिक्षकखोलीत डबा उघडताना. पहिला घास हातातच राहिला. केतकी मिरजेतल्या त्या शाळेत मराठी शिकवायची आणि गेली अकरा वर्षं वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार करायची. तिची मुलं जिल्ह्यातून ढाली घेऊन यायची. "मगदूमबाई दगडालाही बोलतं करतील," असं मुख्याध्यापक दर वर्षी बक्षीस समारंभात म्हणायचे. तिची स्वतःची दिविजा चार वर्षांची झाली तरी मोजून अकरा शब्द बोलत होती. गेल्या वर्षीपासून मुख्याध्यापकांनी ते वाक्य भाषणातून गाळलं होतं, आणि ते गाळलंय हे केतकीला बरोबर कळलं होतं.

तिनं पत्र पुन्हा वाचलं. 'शतायुषी विमा. विमाधारक बालिकेच्या भाषाप्रगतीचे त्रैमासिक श्रेयपत्रक. उपचारतज्ज्ञ फ. बागवान, एकोणीस टक्के. वडील, सात. आई, चार. टीव्ही संच, तीन. अज्ञात पुरुष, वय अंदाजे साठ, घराच्या पश्चिमेस, त्रेचाळीस. उर्वरित, किरकोळ व अनिश्चित.'

टीव्हीपेक्षा एका टक्क्यानं आपण पुढे आहोत एवढंच समाधान. पण खरा घाव खाली होता. 'मुख्य लाभ विनामूल्य स्रोतातून मिळत असल्याने सशुल्क स्पीच थेरपी पुढील महिन्यापासून अनावश्यक समजण्यात येईल.'

आठवड्याला थेरपीचे तीन तास. एका तासाची फी केतकीच्या दोन दिवसांच्या पगाराएवढी. विमा नसता तर तिचा अख्खा पगार तिकडेच गेला असता आणि घर एकट्या हर्षदच्या कमाईवर चाललं असतं.

"काय झालं गं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," केतकी म्हणाली. "निकाल लागला."

हा सगळा हिशेब ठेवत होती दिविजाच्या डाव्या कानामागची लयकडी. माणूस लक्ष देऊन ऐकतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या विद्युतलहरी समोरच्याच्या आवाजाबरोबर चढू-उतरू लागतात; लक्ष नसेल तर त्या आपल्याच नादात राहतात. शास्त्रज्ञांना हे जुन्या काळापासून ठाऊक होतं, पण मोजायचं तर डोक्यावर तारांची टोपी घालून प्रयोगशाळेत बसावं लागायचं. २०३५च्या सुमारास ती टोपी आक्रसत आक्रसत भुईमुगाच्या शेंगेएवढी झाली. ही शेंग कानामागे चिकटवली, की कोणाच्या आवाजाशी मुलाची लय किती वेळ जुळली हे ती टिपून ठेवी. लय जुळली की कडीवरचा निळा ठिपका हिरवा होई. पुढे मुलानं एखादा नवा आवाज काढला, की तो कोणाच्या बोलण्याच्या वळणावर गेलाय हेही ती ताडून बघे.

डॉक्टरांना ती निदानासाठी हवी होती. विमा कंपन्यांना ती दुसऱ्याच कारणासाठी आवडली. ज्याच्यामुळे मूल सुधारतं त्याचेच पैसे द्यायचे, बाकीच्यांचे कापायचे. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! केतकीलाही करारावर सही करताना वाटलं होतं. आपण दिवसभर मुलीशी बोलतो, चित्रांचे पत्ते दाखवतो, त्याची कुठेतरी नोंद होईल, असा तिचा त्या वेळी हिशेब होता.

*

"आपल्या पश्चिमेला साठीचा कोण पुरुष आहे?" घरी आल्या आल्या तिनं नवऱ्याला विचारलं.

हर्षद घरूनच एका साखर कारखान्याच्या संगणकांची देखभाल करायचा. सकाळी केतकी शाळेत गेली की दिविजा त्याच्याकडे असे. प्रश्न ऐकल्यावर तो पडद्याकडे जरा जास्तच निरखून बघायला लागला.

"हर्षद."

"पश्चिमेला म्हणजे... तशी पश्चिम मोठी आहे."

"आवटी?"

त्यानं कुंपणाकडे पाहिलं. तेवढ्यानं कळलं.

मारुती आवटींचं अंगण मगदुमांच्या कुंपणाला लागून होतं. अंगणात पत्र्याची शेड, शेडवर पाटी, 'आवटी साउंड सर्व्हिस. लग्न, मुंज, वाढदिवस, सभा.' रोज सकाळी दहाच्या सुमारास आवटी आदल्या दिवशीचे कर्णे आणि माइक अंगणात मांडून तपासायचे. "हॅलो. हॅलो चेक." या एका वाक्यावरून केतकीनं त्यांच्याविरुद्ध पोलिसांकडे तीन तक्रारी केल्या होत्या. मुलीच्या भाषाविकासात व्यत्यय येतो, असं तिसऱ्या तक्रारीत कारण होतं. घराची पश्चिमेची खिडकी तिनं कायमची बंद ठेवायला सांगितली होती.

"खिडकी उघडायचास तू?"

"मी नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. पावणेदहापासून. नाही उघडली की रडायची." हर्षद आता खरं बोलायचं ठरवूनच बसला. "मग आवटीमामा 'हॅलो' म्हणाले की ही हसायची. मला काय माहीत त्याचे टक्के होतात म्हणून!"

"आणि ती 'चे' म्हणते ते?"

 महिन्याभरापूर्वी दिविजा पहिल्यांदा 'चे' म्हणाली होती. केतकीनं त्याच दिवशी चेंडूचा पत्ता दाखवला होता. आपल्या पत्त्यामुळे पोरगी 'चेंडू' म्हणायला लागली, असं तिनं आईला, सासूला, बहिणीला आणि शाळेतल्या सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं.

"ते चेंडू नव्हतं का रे?"

"चेक होतं," हर्षद हळूच म्हणाला.

*

थेरपिस्ट फरहाना बागवान दुसऱ्या दिवशी आल्या. केतकीनं शाळेत रजा टाकली होती. एकोणीस टक्क्यांचं त्यांना काही वाटलं नाही. "एकोणीस म्हणजे चांगले आहेत हो," म्हणून त्या मुद्दाम दहाला खिडकीशी उभ्या राहिल्या, हातात घड्याळ धरून. पंधरा मिनिटांनी वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा नवी पाककृती सापडल्यासारखा झाला होता.

"केतकीताई, हॅलो म्हटल्यावर ते किती थांबतात माहीत आहे? सात-आठ सेकंद. आवाज पोचला का ते बघायला पार लांबच्या कर्ण्यापर्यंत चालत जातात, कान लावतात, परत येतात, मग पुन्हा हॅलो. तेवढ्या वेळात ही बोलायची तयारी करते. हिला वेळ लागतो, पण ती करते."

"आणि आपण?"

"आपण विचारतो, हे काय आहे? आणि दोन सेकंदांत आपणच सांगतो, हा हत्ती आहे."

"आपण म्हणजे मी."

"आपण म्हणजे आपण," फरहाना मॅडम म्हणाल्या. त्या स्वभावानं फार चांगल्या होत्या. "पण ताई, नुसत्या हॅलोनं भागणार नाही. दार त्यांनी उघडलंय, आत तर जायला हवं. शब्दाला शब्द जोडायचं माझं काम आत्ता कुठे सुरू होतंय आणि आत्ताच हे बंद करतायत."

केतकीनं विमा कंपनीला फोन लावला. फोनवर नेहमीप्रमाणे 'सखी' आली. सखी हे यंत्र होतं, पण माहेरच्या माणसासारखं बोलायचं.

"ताई, काळजी नको," सखी म्हणाली. "विनामूल्य स्रोताची 'सहायक उपचारक' म्हणून नोंदणी झाली, तर तुमचा पूर्ण उपचार एकत्र धरून मंजूर होऊ शकतो. त्यासाठी स्रोतानं अधिकाऱ्यांसमोर पंधरा मिनिटांचं प्रात्यक्षिक द्यायचं. लयजुळणी तीस टक्क्यांच्या वर हवी."

"आणि स्रोतानं नाही म्हटलं तर?"

"स्रोताशी आपले संबंध कसे आहेत, ताई?"

केतकीनं फोन ठेवला.

*

"या बाई," आवटी म्हणाले. हातात सोल्डरची कांडी होती. "एकट्याच आलाय, का पोलीस मागनं येणार हायेत?"

केतकीनं आणलेला लाडूंचा डबा कर्ण्यावर ठेवला, मग कर्ण्यावर ठेवू नये असं वाटून उचलला आणि हातातच धरला. सगळं सांगितलं. आवटी ऐकत राहिले. त्रेचाळीसवर आल्यावर त्यांनी कांडी खाली ठेवली.

"किती म्हणाला?"

"त्रेचाळीस."

"आणि तुमी?"

"...चार."

आवटी हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "मला वाटायचं पोरगी मला खिडकीतनं वेडावून दाखवती," ते म्हणाले. "मी हॅलो म्हणलं की 'अलो' म्हणती. चाळीस वर्षं माइक टेस्टिंग करतोय बाई. पुढाऱ्यांना माइक दिला, नवरदेवांना दिला, भटजींना दिला. मला उलटं हॅलो कुणी म्हणलं नव्हतं."

"मग याल ना प्रात्यक्षिकाला?"

"येतो की. पण काय बोलायचं?"

इथे केतकीनं नुसतं 'रोज बोलता तेच' म्हणायला हवं होतं. फरहाना मॅडम तसं तिला दोनदा सांगून गेल्या होत्या. पण समोर बोलणारा माणूस आहे, परीक्षक येणार आहेत, पंधरा मिनिटं दिलेली आहेत, आणि अकरा वर्षांची सवय. अधिकाऱ्यासमोर एक माणूस पंधरा मिनिटं नुसतं 'हॅलो चेक' म्हणतोय, हे दृश्य तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि तिला ते सोसवेना.

"मी लिहून देते," ती म्हणाली.

तिनं दोन पानं लिहिली. पुढचे आठ दिवस संध्याकाळी आवटी मगदुमांच्या हॉलमध्ये उभे राहून भाषणाची तयारी करू लागले. हात पाठीमागे नको, नजर समोर, वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही. आवटी मन लावून शिकत. शेडमध्ये केबल गुंडाळताना 'बालपण म्हणजे उमलती कळी' असं पुटपुटत. 'त्यांना नुसतं हॅलोच म्हणू दे' असं हर्षद दोनदा सांगायला आला, दोन्ही वेळा केतकीनं त्याला चहा टाकायला पाठवलं.

*

अधिकारी नाडगौडा ठरल्या वेळी आले. पन्नाशीचे, अंगानं बारीक, काखेत एक सपाट यंत्र. यंत्र त्यांनी टेबलावर उभं केलं. त्यातून सखीनं सगळ्यांना नमस्कार केला.

आवटी आले ते पांढराशुभ्र शर्ट घालून, केसांना तेल लावून. दिविजानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखलंच नाही. तिनं त्यांना आजवर बनियनवरच पाहिलं होतं.

"स्रोतानं सुरुवात करावी," सखी म्हणाली.

आवटी उभे राहिले. हात पाठीमागे गेले, केतकीनं खूण केल्यावर पुढे आले.  चाळीस वर्षं माइक सुरू करून दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या या माणसानं आयुष्यात एकदाही भाषण केलेलं नव्हतं, हे केतकीच्या त्या क्षणी लक्षात आलं. फारच उशिरा.

"सन्माननीय अधिकारी महोदय," आवटी म्हणाले, "आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो."

बालमित्र म्हणजे एकटी दिविजाच होती. ती पोह्यांतले शेंगदाणे काढून बशीच्या काठावर ओळीनं लावत होती.

"बालपण म्हणजे उमलती कळी. या कळीला... या कळीला..." ते अडकले. केतकीचे ओठ आपोआप हलले. "...संस्कारांचं पाणी..."

"लयजुळणी, शून्य," सखी म्हणाली.

"संस्कारांचं पाणी घातलं तर... बाई, फुडचं काय वो?"

"शून्य."

हर्षदनं कपाळावर हात मारला. फरहाना मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. आवटींच्या मानेवरून तेल आणि घाम एकत्र ओघळत होता. अकराव्या मिनिटाला दिविजाला शिंक आली तेव्हा आकडा एकावर गेला आणि परत शून्यावर आला. आवटींनी भाषण संपवून टाळ्यांसाठी वाट पाहिली. नाडगौडांनी सभ्यपणे दोन वाजवल्या.

आता सगळं संपलं, असं केतकीला वाटलं. आपणच संपवलं. दोन सुवाच्य पानं लिहून संपवलं.

यंत्रानं क्षणभर विचार केला. "निर्णय," सखी म्हणाली. "विनामूल्य स्रोताची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. स्रोत निरुपयोगी ठरल्याने मागील पत्र रद्द. सशुल्क स्पीच थेरपी पुढील बारा महिन्यांसाठी आवश्यक समजण्यात येत आहे. अभिनंदन, ताई."

फरहाना मॅडम खिडकीकडून वळल्या.

"म्हणजे?" हर्षदनं विचारलं.

"म्हणजे मंजूर," नाडगौडा म्हणाले, आणि त्यांनी पोह्यांची बशी जवळ ओढली. "फुकटात काम होत असेल तर पैसे बंद. फुकटात होत नाही म्हटल्यावर पैसे चालू. नियम साधा आहे."

फरहाना मॅडम तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. हर्षद त्यांच्या मागोमाग. केतकीला हसावं की रडावं कळेना. ती आवटींकडे वळली, तर ते चपला घालत होते.

"मामा, अहो, झालं काम! तुमच्यामुळे झालं!"

"वाटोळं केलं मी, बाई," ते म्हणाले. "त्रेचाळीसवर हुतो. शून्यावर आलो."

"पण तेच तर..."

"निरुपयोगी म्हणाली ती मला. सगळ्यांच्या म्होरं." ते निघूनच गेले.

*

नाडगौडांना सोडायला सगळे फाटकापर्यंत आले. केतकीच्या कडेवर दिविजा. कुंपणापलीकडे आवटींनी पांढरा शर्ट काढून दोरीवर टाकला होता आणि बनियनवर ते कर्ण्याची तार जोडत होते. संध्याकाळी बुधगावात लग्न होतं. दुखावलेला असला तरी माणूस धंद्याचा. माइकवर त्यांनी दोनदा टिचकी मारली.

"हॅलो," ते म्हणाले. आवाजात जीव नव्हता. मग ते लांबच्या कर्ण्याकडे चालत गेले.

फाटकाशी सगळे उगाच गप्प झाले. पाच सेकंद. सहा. केतकीला कडेवरचं ते छोटं अंग ताठ होताना जाणवलं, पोटातून काहीतरी वर येत असल्यासारखं.

"अलो!" दिविजा ओरडली. आणि मग, आजवर कधी जोडला नव्हता तो शब्द जोडून, "अलो मामा!"

कर्ण्याशी वाकलेले आवटी सरळ झाले. कडीवरचा ठिपका हिरवागार झाला होता.

"अहो, ती कडी काढा!" नाडगौडा जवळजवळ किंचाळले. "आधी काढा ती! नाहीतर उद्या सकाळी पुन्हा पत्र येईल तुम्हाला."

केतकीनं कडी ओढूनच काढली. नाडगौडांनी काखेतलं यंत्र बंद असल्याची दोनदा खात्री केली, आणि मग खाजगी आवाजात म्हणाले, "कडीला चार्जिंग लागतं. रोज पाऊण तास. ते कधी करायचं हे नियमात लिहिलेलं नाही. नियम करणाऱ्या समितीत मी होतो, विसरलंच लिहायचं."

"सकाळी दहाला चालेल?" हर्षदनं विचारलं.

"उत्तम वेळ," नाडगौडा म्हणाले.

*

केतकी नियमाची बाई होती. दहाचं हे चार्जिंग तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. पण रोज पावणेदहाला हर्षद कडी काढून तारेला लावायचा आणि खिडकी उघडायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ते काम ती स्वतः करायची. तक्रारी तिनं मागे घेतल्या. अर्जात मागे घेण्याचं कारण यादीतून निवडायचं होतं. 'आवाज हवासा वाटतो' असा पर्याय यादीत नव्हता, म्हणून तिनं 'इतर' निवडलं.

आवटींना 'निरुपयोगी' हा शब्द मात्र विसरता येईना. शेवटी फरहाना मॅडमनीच त्यांना सांगितलं, की दिविजाच्या मेंदूत शब्दांना जागा करून देणारा पहिला माणूस म्हणून आपण त्यांचं नाव आपल्या वहीत लिहिलं आहे, आणि ती वही विमा कंपनीकडे जात नाही. त्या दिवशी आवटींनी मॅडमच्या भावाच्या लग्नाला दोन कर्णे फुकट द्यायचं कबूल केलं.

चार टक्क्यांचं काय करायचं, ते केतकीला कुणी सांगितलं नाही. तिनं पत्ते कपाटात ठेवले. गप्प बसणं तिला जड गेलं. जीभ दाताखाली धरून ती दिविजाशेजारी बसायची, मनात आकडे मोजायची, आणि चारवर आल्यावर तिच्या तोंडून काहीतरी निसटायचंच. हळूहळू ती पाचवर गेली. मग सातवर. कधी कधी मोजायचं विसरूनही गेली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती अशीच स्वयंपाकघरात जमिनीवर बसून घेवडा मोडत होती. दिविजा समोर पालथी पडून काहीतरी बघत होती. काय बघतेस, असं केतकीनं विचारलं नाही. शेंगा मोडत राहिली. बराच वेळ गेला. मग दिविजानं मान वर केली, आईकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ एकदा जुळवले, परत सोडले, पुन्हा जुळवले.

"आई," ती म्हणाली. "सरक."

केतकीनं खाली पाहिलं. तिच्या मांडीखालून मुंग्यांची एक लांब रांग निघाली होती आणि तिच्या पदराशी येऊन तुंबली होती.

ती सरकली. रांग पुढे निघाली. मग ती घेवड्याची परात तशीच टाकून धावत बाहेरच्या खोलीत गेली.

"हर्षद! मला सरक म्हणाली!"

हर्षदनं कानातला इअरफोन काढला. "मग सरकलीस का?"

"सरकले की!" केतकी म्हणाली, आणि आईला फोन लावायला तिनं फोन उचलला.